देवाचा घोडा डुलतो

मंडळी, सरकून बसा, मागच्यांना जागा द्या. एक प्रश्न टाकतो, उत्तर मनात ठेवा. मुकं जनावर दुःखानं तळमळतंय आणि आपण त्याला हात जोडून उभे आहोत — ते जोडलेले हात देवाकडं पोचतात का? घाई नको. आधी ऐका.

आसनखेड नावाचं गाव. गावाला भैरोबा, भैरोबाला घोडा. पांढराशुभ्र, नाव माणिक. आता देवाच्या घोड्यावर बसायचं कुणी? देवानं! माणूस बसला की विटाळ, माळावर दुसऱ्या घोड्यांत सोडला की विटाळ. जत्रेला पालखीपुढं चालायचं, बाकी वर्षभर देवळामागच्या पागेत. गळ्यात दोर, मागच्या पायांना दोर. खायला मात्र हरभरा, गूळ, खोबरं — जावयाचं होत नाही एवढं कौतुक! हसलात? हसून घ्या, पुढं जमणार नाही.

त्याची देखभाल संभू गुरवाकडं. शिंगरू होतं तेव्हापासून संभूनं त्याला हातानं भरवलेलं, पोटच्या पोरासारखं. एक दिवस बघतो तर माणिक डुलतोय. मान उजवीकडं, मान डावीकडं, भार या पायावरून त्या पायावर. थांबेचना! संभूनं हात जोडले. धावत चावडीवर गेला, "अहो, घोड्याच्या अंगात देव आला!"

झालं. गाव लोटलं. पुढं कौल लागायला लागला. प्रश्न विचारायचा, मान उजवीकडं गेली की होकार, डावीकडं गेली की नकार. आणि मंडळी, हुशार माणसं कधी विचारायची? मान उजवीकडं निघाली की! देवालासुद्धा सवड देत नाही आपण.

संभूची लेक कुंदा शहरात शिकलेली. जनावरं कशी वागतात, का वागतात, हाच तिचा अभ्यास. माहेरी आली की पागेच्या पायरीवर बसून माणिककडं बघत राहायची. एका दुपारी म्हणाली,

"आबा, कौल मागायला कुणी नसलं तरी हा डुलतो."

"देवाला काय येळ-काळ असतो व्हय?"

"देव नाही हो आबा. घोडं कळपातलं जनावर. दिवसभर चालत चालत चरणारं. त्याला एकटं कोंडलं, चालायला जागाच ठेवली नाही, म्हणून ते जागच्या जागी चालतंय. याला सोडा. लवकर सोडा. फार वर्षं गेली की ही सवय हाडात बसते, मग सोडूनही जात नाही."

संभू चिडला. "चार बुकं शिकलीस म्हणून देव खोटा व्हय गं?" पण संध्याकाळी दिवा लावायला गेला आणि त्याची नजर फरशीवर गेली. माणिकच्या पुढच्या पायांखाली दगड झिजून दोन खळगे पडले होते. देवाची पावलं म्हणून त्या खळग्यांना संभू रोज हळदकुंकू वाहायचा. त्या दिवशी कुंकवाची चिमूट बोटांतच राहिली. त्याला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी तो पंचांपुढं उभा राहिला. थोरले पंच दौलतराव शांतपणे म्हणाले, "संभू, भैरोबा गावोगाव आहेत. डुलणारा घोडा आपल्याकडंच आहे. आणि देव आला, असं पहिल्यांदा कोण बोललं?"

"मीच," संभू म्हणाला.

"मग? जत्रा तोंडावर आलीय. ती होऊ दे, मग बघू."

जत्रा झाली. मग दुसरी आली. "मग बघू" यासारखा गोड शब्द नाही, मंडळी! कुंदा माहेरी यायची बंद झाली. आणि संभू? कळलेला माणूस! तोच रोज दोराची गाठ तपासायचा, तोच खळग्यांत कुंकू वाहायचा.

शेवटी माणिकचे गुडघे सुजले. पालखीपुढं चालवेना. पंच म्हणाले, "ने याला. नवीन शिंगरू आणलंय."

संभूनं दोर सोडले आणि माणिकला हळूहळू नदीकाठच्या माळावर नेलं. पोटरीएवढं गवत, वारा, पलीकडं चरणाऱ्या घोड्या. गळ्यातलं शेवटचं दावं काढलं.

"जा रं राजा. सुटलास."

माणिक उभा राहिला. घोड्यांकडं बघितलं नाही. गवताला तोंड लावलं नाही. मान उजवीकडं. मान डावीकडं. एवढ्या मोकळ्या माळावर, भिंत नाही, दोर नाही — आणि तो तिथंच, पागेएवढ्या जागेत, डुलत राहिला.

संभूनं त्याच्या गळ्याला मिठी मारली. "चल की रं! कुणी धरलं न्हाई तुला!" माणिक डुलत होता, त्याच्याबरोबर मिठी मारलेला म्हातारा डुलत होता. बांधावरून बायामाणसांनी पाहिलं. चपला काढल्या. नारळ आले. "देव माळावर आला!" कुणीतरी पुढं होऊन म्हणालं, "गुरव, एक कौल लावा." संभू ओरडून सांगत होता, की देव नाही, हे माझं पाप आहे. लोकांना वाटलं, याच्याही अंगात आलं.

आणि तिकडं पागेत, त्याच झिजलेल्या दगडावर, नवीन शिंगराच्या गळ्यात दोर पडला होता.

मंडळी, संभूला हसू नका. तुमच्या पिंजऱ्यातला पोपट दांडीवर इकडून तिकडं करतो, तुम्ही पाहुण्यांना म्हणता, नाचतो आमचा! साखळीला बांधलेलं कुत्रं गोल गोल फिरतं, तुम्ही म्हणता, खेळतंय! सोडलंत तर ते जाईल, असं मी सांगत नाही. कदाचित फार उशीर झाला असेल.

आज जयघोष नको. टाळ खाली ठेवा. घरी जा, त्या मुक्या जिवासमोर उभे राहा, आणि एवढंच विचारा — बाबा, तुला जायचं कुठं होतं?