माती पडेपतूर भोंगा नको

—न्हाय, न्हाय सिद्धाप्पामामा, भोंग्याच्या साखळीवरचा हात काढा आदी, मग बोला. व्हय, दुपारच्या भोंग्याची वेळ झालीय, तेवढं घड्याळ कळतं मला. पन आज उशिरा वाजवा. का म्हंजे? अवो, आमच्या मल्लव्वाला — अक्काला — आत्ताच खड्ड्यात बसवलंय. आपल्या लिंगायतांत मेल्यालं मानूस निजवत न्हाईत, बसवत्यात, तुमाला काय सांगायचं. हातात लिंग, कपाळाला इबूत, मांडी घालून बसलीय — अक्षी डबा खायला बसल्यावानी. आन् माती लोटायला कोन? प्लेगच्या भ्यानं समदी भवानी पेठ होटगीच्या वाटंला झोपड्यात गेलीय. गावली ती चार मानसं, ती चारीबी ह्याच मिलची, जेवनाच्या सुट्टीत आल्याली. भोंगा झाला की फावडी टाकून पळनार. आन् ती तशीच बसनार, गळ्यापतूर मातीत.

हसू नका. — न्हाय हसला? मग ऱ्हाऊ द्या. ती आसती तर हसली आसती.

झोपडीत सांजच्याला गोष्ट सांगायची ती. जग बुडालंय, म्हनायची — मानसं न्हाईत, उंदरंबी न्हाईत, सोलापुरात एकलीच बाई उरलीय. मी म्हनायचो, मग मजा हाय की तिची, राणीच की. तर म्हनायची, कुटली राणी? सकाळी भोंगा होतो. वाजवतो कोन? कुनाला ठावं, वाजवनारा तर कवाच मेलाय. तरी बाई उठती, डोईवर पदर घेऊन रिकाम्या सात रस्त्यावरनं जाती — पदर कुनासाठी, मी इचारायचो — आन् सूत गुंडाळायच्या खात्यात बायकांवरची मेलेली नायकीण तिला म्हनती, उशीर झाला, आज खाडा. बरं, मग बाई रजा मागती. तर नायकीण म्हनती, सही करनारा साहेब मेलाय, त्यो आला की बगू. — लई हसायचो आमी. शेजारची झोपडीबी हसायची.

शेवट? शेवट न्हाय सांगितला तिनं. परवा तापात होती, काखेत गाठ, डोळं मिटल्यालं. भोंगा झाला तशी उठून बसली की. पदर घेतला. म्हनली, "सर बाजूला, खाडा पडंल." मी धरली तर मलाच ढकललं, त्या तापात. मी काय खोटं बोललो न्हाय, चार मानसांचं खरंच हाय — पन ती बसलीय, मामा. निजवली आसती तर येवढं भ्या नव्हतं. बसल्यालं मानूस लगीच उठतं.

तुमी जा, च्या पिऊन या. साखळी द्या हिकडं, मी धरतो. वाजवायला येत न्हाय मला, म्हनून तर धरतो. साहेबानं इचारलं तर सांगा, मल्लव्वाच्या भावानं—

थांबा. ह्यो कुटला भोंगा? साखळी तर माज्या हातात हाय. — तिकडल्या मिलचा?

अक्का, बसून ऱ्हा. त्यो आपला न्हाय.