ग्राउकार धारेवरचे सोंडकिडे

कास्पर : ...म्हणजे तुमचंच बरोबर होतं, नोटबुर्गाबाई. तेवढं सांगायलाच वर चढून आलो.

नोटबुर्गा : छत्तीस वर्षांनी. बसा. हात चिकट आहेत माझे, चीज पलटत होते.

कास्पर : संग्रहालयातले जुने नमुने मी पुन्हा तपासतोय. डोंगरातल्या ग्राउकार धारेवरच्या सोंडकिड्यांना प्रोफेसर आइगनरांनी नेहमीच्या जातीची चिठ्ठी लावली होती. भिंगाखाली घेतले, तर पायांची ठेवणच निराळी. ही जात दुसरीकडे कुठेच नाही.

नोटबुर्गा : मी हेच म्हणाले होते. सर म्हणाले, मुली, तुला चष्मा लागलाय. सगळे हसले. मीही हसले.

कास्पर : सरांनी घाईत पाहिले असतील.

नोटबुर्गा : घाईत? माझ्याच टेबलाशी बसून अर्धा तास पाहिले. मग उठले आणि म्हणाले, अहवाल उद्या द्यायचाय.

कास्पर : कसला अहवाल?

नोटबुर्गा : धारेवर स्की-लिफ्ट व्हायची होती. इथे दुर्मीळ काही नाही, असं लिहून हवं होतं. त्यांनी लिहिलं. मी सही केली नाही, म्हणून हिवाळ्यात मला संग्रहालयातून घरी पाठवलं. तेव्हापासून या गाई.

कास्पर : हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

नोटबुर्गा : विचारलंत कुणाला? बरं, आता सापडतात का ते?

कास्पर : तीन उन्हाळे शोधतोय.

नोटबुर्गा : पहाटे जायचं, दव असताना. ऊन आलं की ते दगडांखाली शिरतात.

कास्पर : पहाटेच गेलो, बाई. धार सपाट केलीय. सगळं काँक्रीट आहे.

नोटबुर्गा : हं.

कास्पर : दुरुस्तीच्या लेखात तुमचे आभार मानायचेत.

नोटबुर्गा : आणि जातीला नाव काय दिलंत?

कास्पर : ...सरांचं. गेल्या वर्षी ते वारले, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं. अजून छापलेलं नाही. आत्ता बोललात ते लिहून दिलंत, तर मी नाव बदलायला लावीन.

नोटबुर्गा : नावाचं तुमचं तुम्ही बघा. लिहून देते. कागद आहे?

(कास्पर पिशवीतून वही काढून देतो. ती बराच वेळ लिहीत राहते.)

कास्पर : शेवटी हे काय लिहिलंत? वाचता येत नाही.

नोटबुर्गा : ते नमुने गोळा केले त्या दिवशी धारेवर एका दगडाखाली चाळीसेक होते. मी थोडेच घेतले. बाकीच्यांवर दगड होता तसा ठेवून दिला.