जिन्यातली आग

अध्यक्ष : बाई, आगीच्या सरावाच्या दिवशी तुम्ही लाल शाल पांघरून जिन्यात बसता, हे खरं आहे?

मुख्याध्यापिका : बसते. त्या दिवशी मी आग असते.

अध्यक्ष : पालक वैतागलेत. दर महिन्याला घंटा, दर महिन्याला सगळी शाळा मैदानात. गणिताचा तास बुडतो म्हणतात. सराव वर्षातून एकदाच करावा, असा ठराव आज शाळा समितीपुढे येतोय. शेवटचा शब्द माझा. त्याआधी तुमच्या तोंडून ऐकायचंय.

मुख्याध्यापिका : पूर्वी एकदाच करायचो. आदल्या दिवशी सांगून. मुलं शिस्तीत खाली उतरायची, अग्निशमन दलाचे साहेब पाठ थोपटून जायचे. मलाच कुठंतरी खटकत होतं. म्हणून एकदा कुणाला न सांगता जिन्यात जाऊन बसले.

अध्यक्ष : मग?

मुख्याध्यापिका : तिसरीचा वर्ग आला आणि माझ्यासमोर रांग लावून उभा राहिला. पुढचा म्हणाला, ‘बाई, जरा सरकता का?’

अध्यक्ष : (हसत) आगीला?

मुख्याध्यापिका : हसू नका, त्यांचे सरही मागून तेच सांगत होते. मागचा जिना मोकळा होता, पण तिकडे कुणी वळेना. पायांना एकच वाट ठाऊक. तेव्हापासून मी दर महिन्याला जागा बदलते. आता घंटा झाली की मुलं आधी मी कुठं बसलेय ते बघतात, मग वळतात. वर्षभर सोडलं तर पुन्हा रांग लागेल माझ्यापुढे.

अध्यक्ष : तुमच्याच शाळेतल्या माझ्या धाकटीनं रविवारी मला घराच्या पुढच्या दारात बसवलं. ‘बाबा, आज तुम्ही आग.’ आजीचा हात धरून निघाली मागच्या दाराकडे.

मुख्याध्यापिका : निघाल्या बाहेर?

अध्यक्ष : दारापुढे कपाट. मीच लावलेलं, खोलीत मावेना म्हणून. पोरगी आजीला घेऊन परत आली, माझ्यासमोर उभी राहिली.

मुख्याध्यापिका : आणि कपाट?

अध्यक्ष : शेजाऱ्याला बोलावून तेव्हाच हलवलं. कंबर अजून धरलीय.

मुख्याध्यापिका : मग ठरावाचं काय?

अध्यक्ष : मी विरोधात. कुरकुरणाऱ्यांना मी बघतो. बाई, इतकी वर्षं समितीवर आहे, पण शाळेला मागून जिना आहे, हे मला धाकटीकडून कळलं.

मुख्याध्यापिका : माझे गुडघे मात्र आता पायरीवर बसू देत नाहीत.

अध्यक्ष : पुढच्या महिन्यात मी बसतो. शाल शाळेची आहे, की घरून आणायची?