साडूच्या हातचं उटणं

हात कशानं पिवळे झाले हे आता तुम्ही तरी विचारू नका! सकाळपासनं दुकानात जो येतोय तो, खिळे ऱ्हायले बाजूला, आधी माझ्या हाताकडं बघतोय… ‘काय शेठ, कावीळ?’ कावीळ न्हाय बाबा! जळणं हाय ते, जळणं! लोक जळून जळून काळे पडतात, म्या पिवळा पडलो. बसा. त्या सिमेंटच्या गोणीवर बसा, हात मोकळे असते तर खुर्ची पुसून दिली असती. तुम्हाला सांगतो सगळं, फक्त मधी बोलू नका, माप चुकतंय माझं.

साडू हाय का तुम्हाला? न्हाय? मग तुम्हाला काय कळणार कप्पाळ!

अणदूरच्या बलभीममामांचा म्या थोरला जावई. थोरला! नऊ वर्षं झाली लग्नाला. नऊ वर्षांत त्या घरात मला नावानं कुणी हाक मारली न्हाय. माझ्या गावावरनं ‘वाशीचे.’ बस्स. ‘वाशीच्यांना चहा द्या.’ ‘वाशीचे उठले का?’ आणि चार वर्षांमागं धाकट्या हर्षालीला दिलं त्या रणधीर गुरुजीला, तर तो पहिल्या दिवसापासनं ‘रणधीरराव’! का? काय हाय त्याच्यात? उंचीला माझ्या खांद्याला लागतोय, टक्कल पडायला लागलंय… पण न्हाय, माणूस हातानं वस्तू करतोय! दिवाळीला येताना विकतचं काही आणायचंच न्हाय त्यानं. पहिल्या दिवाळीला बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील. दुसऱ्या दिवाळीला फुटक्या बांगड्यांचं तोरण. तिसऱ्या दिवाळीला मामांसाठी बाभळीची काठी, मुठीला घोड्याचं तोंड कोरलेलं! आता मला सांगा, काठी ती काठी, टेकायच्या कामाची, तिला तोंड कशाला पाहिजे? पण आमच्या सासूबाई, मथुरामामी, ती काठी अख्ख्या आळीत फिरवून आल्या. पाय धड असलेल्या बाईनं काठी फिरवली! आणि दर दाराला एकच… ‘आमच्या रणधीररावांच्या हाताला गुण हाय बाई, गुण!’

आणि म्या काय दिलं? मिक्सर! तीन भांड्यांचा! तो माळ्यावर हाय. खोक्यात. खोक्यावर पापडाचा डबा. ‘विकतचं काय वो, कुणी बी आणतंय.’

बरं, माझ्या हाताला सवय न्हाय, कबूल. हार्डवेअरचं दुकान हाय म्हणून लोकांना वाटतं हा माणूस कारागीर असंल. न्हाय! म्या खिळे विकतो, ठोकत न्हाय. हा दुकानाचा बोर्ड बघा, समोरच्या सुतारानं लावून दिलाय. शाळेत मातीचा बैल केला होता, गुरुजी म्हणले, ‘बेडूक छान जमलाय.’

तर औंदा दिवाळीच्या आठ दिवस आधी आमची दैवशाला म्हणती, ‘अहो, भाऊबीजेला बजरंगला बघायला पाहुणे येणार हाईत. औंदा तरी घरात तुमच्यावरनं हसू करून घेऊ नका.’ बजरंग म्हणजे माझा मेव्हणा. चौतीस वर्षांचा झाला. पोरगं सोन्यासारखं, रान पाण्याखाली, तंबाखूला हात लावत न्हाय, पण मुली कुठं हाईत वो? अकरा ठिकाणी बोलणी झाली, अकराच्या अकरा मोडली. मामींनी त्या काळजीनं एक वेळचं जेवण सोडलेलं. म्हणून सगळं घर त्या दिवसाकडं डोळे लावून बसलेलं. आणि खोटं कशाला बोलू, म्या बी डोळे लावूनच होतो… पण बजरंगकडं न्हाय. मला फक्त एकदा, एकदाच, मामींच्या तोंडनं ऐकायचं होतं, ‘थोरल्याच्या हाताला बी गुण हाय.’ एवढंच. ह्यात काय पाप हाय का?

म्हणून मोबाईल उघडला. एक बाई सापडली. गोड आवाज… ‘नमस्कार मैत्रिणींनो, तुम्हाला काहीच जमत नाही का? मग ही भेट खास तुमच्यासाठी! घरच्या घरी उटणं!’ म्या म्हणलं, बाई, तुला माझा पत्ता कुणी दिला? मसुराच्या डाळीचं पीठ, चंदन, नागरमोथा, कापूरकाचरी, चिमूटभर आंबेहळद. कालवायचं. झालं! कापायचं न्हाय, चिकटवायचं न्हाय, कोरायचं न्हाय. हे बैलाला बी जमंल!

केलं अर्धा किलो. त्या कापूरकाचरीनं नाक असं बधीर झालं की दोन दिवस वरणाचा वास येईना. पिशवीत भरलं, एसटीत बसलो, आणि येडशीच्या अलीकडं कंडक्टरनं वरनं कुणाची तरी तांदळाची गोणी बरोबर माझ्या पिशवीवर आणून टेकवली. फाट्‌! अर्धं उटणं दैवशालाच्या नव्या साडीवर, पाव बसमध्ये, ऱ्हायलं दोन मुठी. दैवशाला काय बोलली ते तुम्हाला सांगत न्हाय. समोर हनुमानाचा फोटो हाय.

अणदूरला पोचतोय तर रणधीरराव आधीच हजर! जुन्या लग्नपत्रिकांच्या घड्या घालून डब्या केल्या होत्या, चौकोनी, झाकणावर गणपती, मधी खाच… शेजाऱ्यांना फराळ द्यायला. रिकाम्या डब्या! आत काही बी न्हाय! तरी मामी चालूच… ‘गुण हाय बाई, गुण!’ म्या म्हणलं, गुरुजी, पाच-सहा मला द्या. तर पठ्ठ्या म्हणतो काय, ‘घ्या की दादा, हवं तेवढं घ्या, तुमच्यासाठी आणखी करतो.’ हेच! हेच सोसवत न्हाय मला! माणूस वाईट असता तर निवांत जळता तरी आलं असतं.

आता दोन मुठी उटणं, सहा डब्या. भर कशाची घालायची? पीठ! समद्या बायका अंगणात चकल्या पाडत होत्या, म्या हळूच आत गेलो. देवघराखाली स्टीलचा मोठा डबा. उघडला. डाळीचं पीठ! जरा जास्तच पिवळं होतं… पण म्हणलं, गावाकडची डाळ, अस्सल असणार. वास घेतला, तर नाकाला कुठं काय कळतंय? सात-आठ वाट्या घातल्या, पळीनं कालवलं, पळीनंच डब्या भरल्या, आणि भाऊबीजेच्या पहाटे न्हाणीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडून ठेवल्या. स्वतः आंघोळीला गेलोच न्हाय. का? तर समद्यांचं झाल्यावर कुणीतरी विचारंल, ‘अगं बाई, किती छान, कुणी केलं?’ तवा आपण कोरडं, नीटनेटकं उभं असावं म्हणून.

दोघी बहिणींनी बजरंगला पाटावर बसवला, तेल लावलं, उटणं चोळलं. मग मामा. मग मामी. मग त्या दोघी. मग रणधीरराव. आणि उजाडलं…

काय सांगू! घरातला माणूस न् माणूस पिवळाधमक! कानामागं पिवळं, नखं पिवळी, मामांच्या मिशा पिवळ्या! मामा चिडले, कपड्याचा साबण घेऊन घासायला बसले, तर हळदीला साबण लागल्यावर काय होतंय? लाल! पिवळे आत गेलेले मामा लाल होऊन बाहेर आले! तसेच देवघरात गेले, आणि आतनं आवाज… ‘अरं चंपाषष्ठीचा भंडारा कुणी उपसला!’

भंडारा! खंडोबाच्या गावात, खंडोबाच्या भक्ताच्या घरात, देवघराखालच्या डब्यात बेसन असंल असं समजणारा अख्ख्या जिल्ह्यात म्या एकटा!

मामी न्हाणीच्या दारात येऊन उभ्या. बजरंगकडं बघतात, डोळ्यांत पाणी. ‘दोन तासांत पाहुणे येणार, आणि माझं लेकरू असं… कुणी केलं हे उटणं?’

बघा! नऊ वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो हाच प्रश्न! शब्दान्‌शब्द हाच! आणि म्या काय बोललो? माझी जीभ, देवाशपथ, आपोआप वळली… म्हणलं, ‘डबी तर रणधीररावांची दिसतीया.’

खोटं बोललो का? न्हाय! डबी त्याचीच होती! रणधीररावानं नुसतं माझ्याकडं बघितलं. आणि मामींच्या तोंडी… गुण न्हाय, काय न्हाय. तुम्हाला सांगतो, लाज वाटली, पण ते एक मिनिट जी दिवाळी झाली माझी, तशी फटाक्यांची लड लावून बी कधी झाली न्हाय!

तेवढ्यात दारात जीप. पाहुणे दोन तास आधीच! तेरखेड्याचे गोरोबातात्या, त्यांची लेक शिवांजली, आणि तिची आजी गजराबाई, ऐंशीची, डोळ्याला जाड भिंग. आमचं घर तिथंच खिळलं. तोंड लपवायला जागा न्हाय. मामी पदर तोंडावर घेतात, तर पदराचा हात बी पिवळा! म्हातारीनं एकेकाकडं बघितलं. बजरंगकडं बघितलं. भिंग पुसलं, परत बघितलं. म्या म्हणलं, झालं… बारावं मोडलं. ते पोरगं खाली मान घालून उभं होतं. खरंच सांगतो, तवा जळणं-बिळणं समदं विसरलो.

तर म्हातारीनं दोन्ही हात जोडले! ‘येळकोट येळकोट! देवा मल्हारी! गोरोबा, म्या गाडीत काय म्हणलं व्हतं? हे स्थळ खरं असंल तर कौल दे म्हणलं व्हतं ना? अरं, समदं घर भंडाऱ्यात न्हालंय! आणखी काय कौल पाहिजे?’ तिकडं शिवांजली बजरंगकडं बघून पदराआड हसली, बजरंग पिवळ्याचा लाल झाला, साबण न लावता! चहा व्हायच्या आत सुपारी फुटली.

म्हातारी विचारती, ‘ही बुद्धी कुणाला झाली वो?’

मामी ताठ! ‘आमचे धाकले जावई. रणधीरराव. हाताला गुण हाय बाई, गुण!’

म्या उडीच मारली! ‘मामी! ते म्या केलंय! उटणं माझं हाय!’

‘वाशीचे, थट्टा पुरे,’ मामी म्हणल्या, ‘तुमाला लाडू वळता येईना.’

रणधीरराव पुढं झाला, ‘मामी, खरंच दादांनीच केलंय.’ झालं! मामींचे डोळे भरून आले… ‘बघा! स्वतः केलेलं दुसऱ्याच्या नावावर घालतोय. काय मन म्हणावं का काय!’ आणि गजराबाई भिंगातनं मला न्याहाळत म्हणती, ‘ह्या एकट्यालाच भंडारा कसा न्हाय लागला वो?’ मामी हळूच म्हणल्या, ‘नशिबात लागतंय ते.’

आता पुढच्या महिन्यात लग्न. म्हातारीचा हट्ट, हळदीला उटणं तेच, त्याच डब्यांत, सगळ्या वऱ्हाडाला. परवा रणधीररावाचा फोन… ‘दादा, दीडशे डब्या म्या करतो, पण आतलं मला दोनदा करून बी जमलं न्हाय. तुमच्या हाताची गोष्टच येगळी हाय.’ बघा! आयुष्यात माझ्या हाताचं कौतुक केलं कुणी, तर त्यानं! आणि ते बी फोनवर, कुणी ऐकायला न्हाय!

म्हणून सकाळपासनं हे घमेलं घेऊन बसलोय. बजरंगच्या आधी हात पिवळे माझे झाले. आणि हे बघा, मामींनी छापून पाठवलेले कागद, दीडशे, डबीवर लावायला. वाचा. ‘रणधीररावांच्या हातचं उटणं.’ चिकटवायचं काम बी माझ्याकडंच…

आणि तुम्हाला सांगतो, ते बी वाकडेच चिकटायलेत.