सासऱ्यांचं गरम टोक

माझं लग्न कसं जमलं ते ऐका. सॉफ्टवेअरवाल्या मुलांची चलती होती तेव्हा, आणि मी पीएचडी करता करता कोथरूडमध्ये मुलगी बघायला गेलो! मुलीचे वडील वीज खात्यातून निवृत्त झालेले. पोह्यांची बशी सरकवत म्हणाले, "काय करता आपण?"

"नॅनोवायर. केसापेक्षा हजारपट बारीक तारा."

"जळतील."

"नाही हो. एक टोक गरम, दुसरं थंड ठेवलं की वीज मिळते. जाड तारेतून उष्णता भसाभस पलीकडे जाते, मग दोन्ही टोकं तापतात आणि वीज बंद. बारीक तारेत उष्णता अडखळते, वीज मात्र आरामात पलीकडे पोचते."

"दिवा लागतो?"

"अजून नाही."

"वाटलंच." मग स्वयंपाकघराकडे बघून गरजले, "चहा आज मिळणार आहे की उद्या?"

मुलगी उठून आत गेली. "आई, चहा झाला असेल तर आणू का?" असं तिचं हळू बोलणं ऐकू आलं. सासूबाई हसतमुखाने चहा घेऊन आल्या.

मागोमाग मुलगी बाहेर आली आणि मला हळूच म्हणाली, "कळलं मला. बाबा गरम टोक, आई थंड टोक. मधली बारीक तार मी. निरोप पोचतो, राग पोचत नाही."

महिन्याभरात लग्न ठरलं.

लग्नानंतर आठवड्यानेच सासऱ्यांचा फोन. आवाज एकदम खाली आलेला. "जावईबापू, आमची तार चार दिवस माहेरी पाठवता का? इथे दोन्ही टोकं तापलीत."