दोन जायफळं

अरे हसता काय, मेलो असतो मी! झोप येत नव्हती म्हनून बायकोने दुधात चिमूटभर जायफळ उगाळून दिलं. मी बोललो, एवढ्याने उंदीर तरी झोपेल काय? अख्खी दोन जायफळं कुटून गिळली. सकाळी तोंडाला कोरड, छाती धडधडतेय, उभा राहिलो तर भिंती फिरतात. बायकोने रडत रडत आमच्या गास गावातून रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई ओरडली, "दोन? काका, जीव जातो याने!"

मी पन भडकलो, "झाडाचं फळ हाय ते, गोळी नाय!"

"कण्हेरीचं फळही झाडालाच लागतं. खाणार का?"

मी तोंड उघडलं, तोच बायको किंचाळली, "बाई, ह्यांना असं विचारू नका ओ! हट्टाने खाऊन दाखवतील!"