पाहुण्याची जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या नारीनच्या ध्वनिसंग्रहालयाचे संचालक आणि आमचे थोरले बंधू, कुबातबेक बायके. मानाच्या जागी बसलेले आमचे वडीलधारे शेरमात आक्साकाल. जिच्या निवृत्तीच्या निरोपासाठी आपण जमलो ती आम्हा सगळ्यांची थोरली बहीण, बुरुलकान एजे. आणि बाहेरून बोर्सोक तळल्याचा वास येत असूनही खुर्ची न सोडणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो!

मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. एजे मघाशी कानात म्हणाल्या, "चारच हं, तालान्त. तू रेडिओवरचा माणूस, बटण बंद केल्याशिवाय थांबत नाहीस." आज ध्वनियंत्राचं बटण त्यांच्याच हाती आहे, तेव्हा मी बेतानेच बोलेन.

या संग्रहालयात काय आहे, हे मी कुणाला सांगायचं? आपल्याच आयाआज्यांची अंगाईगीतं आहेत, गेलेल्या माणसांसाठी रडत गायलेली गाणी आहेत. जुन्या फिती झिजल्या तेव्हा एजेंनी ती सगळी सर्व्हरच्या दोन मोठ्या डिस्कवर उतरवली. दोन्हींवर तेच, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. त्यात माझ्या आईचं, कालिपाचं, एक अंगाईगीत आहे. घरी आईचा फोटो आहे, पण आवाज फक्त तिथे.

त्या डिस्क आल्या तो दिवस अध्यक्षांना आठवत असेल. (हसताहेत, म्हणजे आठवतोय.) एजे डिस्कचे भाग पाडत होत्या आणि दोन्हींच्या शेवटी थोडी जागा त्यांनी कोरीच सोडली. बायके मागे उभे.

"एजे, ही जागा कशाला?"

"पाहुण्याची आहे."

"डिस्कवर कसला आलाय पाहुणा?"

"तुमच्या घरी पाहुणा आधी कळवून येतो का? पाहुण्याला जागा नाही ते घर कसलं, गोठा तो!"

"अहो, वरून कुणी विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, नारीनमधली सगळ्यात हुशार बाई असंच करते."

विनय हा एजेंचा दोष कधीच नव्हता. मग बायके येईल त्याला सांगत सुटले, "बघा, आमच्या डिस्कवर घोडा बांधायलासुद्धा जागा आहे!" आम्हीही हसायचो.

गेल्या हिवाळ्यात डोलोनचा घाट बर्फाने बंद झाला आणि नेमकी तेव्हाच एक डिस्क मेली. आता सगळे आवाज एकाच डिस्कवर, आणि तीही तितकीच जुनी. कपाटात एक राखीव होती, दुसऱ्या बनावटीची. एजेंनी ती बसवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. खोक्यावर आकडा तोच, पण प्रत्यक्षात ही डिस्क किंचित लहान! जुनीवर आवाजांसाठी जेवढा भाग आखलेला, तेवढा नवीवर पुरता मावायला हवा. जराही कमी पडला तर सर्व्हर तिला जोडीत घेत नाही, आणि घाट उघडेपर्यंत दुसरी मिळणार कुठून?

"मावेल ना हो, एजे?" मी विचारलं. आई पुन्हा एकदा जाते की काय, एवढंच मनात होतं.

एजेंनी भाग आखला, आणि तो मावला! जुनीवर शेवटची जागा सोडली होती ना, तिने ही तूट पोटात घेतली. शेरमात आक्साकालांनी तळवे उघडून आशीर्वाद दिला, आम्ही सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. नवीवर सगळं उतरेपर्यंत बायके स्वतः चहा आणून देत होते.

"आला म्हणायचा तुमचा पाहुणा," ते हळूच म्हणाले.

"आला, पण लहानखुरा निघाला," एजे म्हणाल्या. "घोडा अजून बांधता येईल, बायके."

आज सकाळी याहून मोठ्या डिस्क आल्या. एजेंनी हात लावला नाही. "आता तुमचं तुम्ही आखा," म्हणाल्या. आता त्यांचं काम सांभाळणाऱ्या आमच्या नुरझातने आखायला घेतलं. ती कळ दाबणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब! पाहुण्याची जागा सोडलीस का?" तो आवाज एजेंचा नव्हता. अध्यक्षमहाराज, कुणाचा होता ते सांगू का?

एजे, जागा सोडली आहे. आता या घरच्या पाहुण्या तुम्ही. याल तेव्हा कळवू नका.

आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचे मनापासून आभार. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, जीभ जरा सैल सुटली असेल, तर घरचंच पोर म्हणून पोटात घाला. माझे चार शब्द संपले. एजे, बटण तुमच्या हाती आहे. दाबा, आता माझी आई गाऊ दे.